महायुद्धातल्या मालवाहू बोटीचा माग कसा काढावा

रत्नागिरी, दापोली, देवगड, जंजिरा या पट्ट्यात "आमचे आजोबा बोटीवर होते" असं सांगणारी घरं गावोगाव आहेत. कुठल्या बोटीवर, कुठल्या साली, बोट कुठं जायची, असं पुढं विचारलं की मात्र बहुतेकांचं बोलणं थांबतं. एखादं नाव कानावर पडलेलं असतं, तेही अर्धवट: "सिटी ऑफ" काहीतरी, "क्लॅन" काहीतरी. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. मुंबईत माणसं भरणाऱ्या बोटींवर साधारणपणे डेकवर कोकणातले, इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडचे, सलूनमध्ये गोव्याचे अशी वाटणी असायची. इतकी माणसं, पण कागदपत्रांत त्यांची नावं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात तोकडी येतात.

म्हणून शोधाला बसताना माणसाचं नाव धरू नका, बोट धरा. हिंदी खलाशाचं नाव कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. आडनाव नसतं, आणि एकाच यादीत त्याच नावाचे चौघे निघतात. बोटीचं तसं नसतं. तिची नोंद प्रत्येक बंदरात, विमा कंपनीकडे, नौदलाकडे, मंत्रालयात आणि बुडाली असली तर शत्रूच्या रोजनिशीतसुद्धा होते. बोटीचा तारीखवार प्रवास एकदा मांडला आणि माणूस कधी चढला, कधी उतरला एवढं कळलं, की मधला सगळा प्रवास त्याचा झाला.

ही रीत समजावून सांगताना मी शक्यतो एकाच बोटीचं उदाहरण घेणार आहे: ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'गेरसोप्पा'. शरावतीवरच्या गेरसप्पाच्या धबधब्याचं नाव दिलेली ही ५,२३७ टनी मालवाहू बोट १९१९ साली इंग्लंडमधल्या जॅरो इथं पामर्सच्या गोदीत बांधली गेली आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीनं बुडवली. तिच्यावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते.

आधी घरातली पेटी उघडा

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खलाशाची सेवेची वही. आज तिला सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट) म्हणतात, जुने लोक नली म्हणायचे. तिच्यात प्रत्येक फेरीची एक ओळ असते: बोटीचं नाव, बोटीचा अधिकृत क्रमांक, कुठल्या बंदरात चढला, कुठं उतरला, दोन्ही तारखा आणि कप्तानाचा शेरा. शाई फिकी झाली असेल तर पान उजेडात तिरपं धरून फोटो काढा. शिक्के कितीही पुसट असले तरी सोडू नका, कारण शिपिंग ऑफिसच्या शिक्क्यात तारीख असते. वहीचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, स्कॅन करून ठेवा.

वही नसेल तर तारा, मनीऑर्डरच्या पावत्या, कंपनीची पत्रं, पदकं, गणवेशातला फोटो यातलं काहीही चालतं. पदकांवरून समुद्र कळतो. अटलांटिक स्टार असेल तर त्या माणसानं अटलांटिकमध्ये बराच काळ काढलेला असतो. बर्मा स्टार व्यापारी बोटीवरच्या माणसाला मिळाला असेल तर बंगालच्या उपसागराकडची फेरी शोधायची.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारताना बोटीच्या नावाचा आग्रह धरू नका. बंदरं विचारा, बोटीत काय भरलं होतं ते विचारा, आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, कुठल्या गावचा होता हे न विसरता विचारा. हा प्रश्न फार उपयोगी पडतो. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं घेऊन चढायचा. त्यामुळे तुमच्या घरची वही हरवली असली तरी त्याच वाडीतल्या दुसऱ्या घरात, त्याच बोटीवरच्या टिंडेलाची (सारंगाच्या हाताखालच्या मुकादमाची) किंवा भंडाऱ्याची (स्वयंपाक्याची) वही जपलेली असू शकते.

बोटीची ओळख पक्की करा

एकाच नावाच्या बोटी अनेक. 'सिटी ऑफ' अमुक या नावाची बोट बुडाली की कंपनी दहा वर्षांनी तेच नाव नव्या बोटीला देते. दुसरीकडे एकाच बोटीनं चार नावं बदललेली असतात. गेरसोप्पाचंच पाहा: पहिल्या महायुद्धात सरकारी आराखड्यावर तिचं बांधकाम सुरू झालं तेव्हा तिचं ठरलेलं नाव 'वॉर रोबक' होतं.

हा घोळ अधिकृत क्रमांकानं सुटतो. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक क्रमांक मिळायचा, आणि नाव किंवा मालक बदलला तरी तो बदलत नसे. तो मिळवण्यासाठी 'क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट' या संकेतस्थळावर बोटीचं नाव टाका. जुन्या मर्कंटाइल नेव्ही लिस्टच्या, म्हणजे ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या वार्षिक यादीच्या, पानांपर्यंत तिथून जाता येतं. मग लॉइड्स रजिस्टर ही जगभरच्या जहाजांची वार्षिक नोंदवही उघडा. १९३० ते १९४५ या काळातले खंड स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. त्यात बांधणीचं साल, गोदी, टनभार, लांबी-रुंदी, इंजिन, मालक आणि नोंदणीचं बंदर दिलेलं असतं. गेरसोप्पा पूर्वेकडच्या पाण्यात आयुष्य काढणारी बोट असली तरी तिचे मालक कागदोपत्री विलायतेतले होते. कंपनीच्या नावात 'इंडिया' आहे म्हणून बोटीचे कागद भारतात असतील असं समजू नका.

मालक आणि चालक यांतला फरकही इथंच लक्षात घ्या. युद्धात शेकडो बोटी ब्रिटनच्या युद्धवाहतूक मंत्रालयाच्या मालकीच्या होत्या आणि चालवायला खासगी कंपन्यांकडे दिलेल्या होत्या. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेली 'फोर्ट स्टिकिन' त्यातलीच. कॅनडातल्या प्रिन्स रुपर्ट इथं १९४२ मध्ये बांधलेली ही बोट पोर्ट लाइन ही कंपनी चालवत होती. अशा बोटीचे कागद शोधताना मंत्रालय आणि कंपनी दोन्हीकडे पाहावं लागतं.

टिपणवहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: सध्याचं नाव, आधीची आणि नंतरची नावं, अधिकृत क्रमांक, टनभार, बांधणीचं साल, मालक, चालक. पुढं हाती येणारा प्रत्येक कागद याच्याशी ताडून पाहायचा. टनभार जुळत नसेल तर ती दुसरीच बोट.

सांगाडा: हालचालींची कार्डं

आता खरं काम. लंडनजवळ क्यू इथं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथल्या 'बीटी ३८९' या मालिकेत महायुद्धाच्या काळातली व्यापारी बोटींच्या हालचालींची कार्डं आहेत, आणि ती अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून शोधून उतरवून घेता येतात. एका बोटीला एक किंवा अनेक कार्डं. वर नाव, टनभार, बांधणी. खाली ओळीनं बंदरं आणि तारखा. कुठंकुठं मालाची नोंद. बोटीवर हल्ला झाला किंवा ती बुडाली तर त्याची नोंदही तिथंच, बहुधा लाल शाईत.

कार्ड पहिल्यांदा पाहिलं की गोंधळायला होतं. कारकुनांनी घाईत, बारीक अक्षरात, बंदरांची नावं तोडून लिहिलेली आहेत. वाचण्याची माझी पद्धत अशी: पहिल्या वाचनात फक्त तारखा उतरवायच्या. दुसऱ्या वाचनात बंदरं, जशी लिहिली आहेत तशी, स्वतः पूर्ण न करता. तिसऱ्या वेळेला नकाशा समोर ठेवून संक्षेप सोडवायचे. आधीचं आणि नंतरचं बंदर कळलं की मधलं आपोआप उमगतं. डर्बन आणि फ्रीटाउन यांच्या मध्ये सी अक्षरानं सुरू होणारं बंदर हे कोलंबो नसून केपटाउन असणार.

ही कार्डं शोधाचा सांगाडा आहेत, पण त्यांनाच अंतिम मानू नका. कुठल्याही हालचालींच्या नोंदीत तारीख कधी बोट पोचल्याची असते, तर कधी पोचल्याची बातमी ऑफिसात आल्याची. एकदोन दिवसांचा फरक सर्रास निघतो.

लंडनच्या गिल्डहॉल लायब्ररीत लॉइड्सच्या जहाज-फेऱ्यांची कार्डं आहेत. ती दुसरी साक्ष म्हणून फार चांगली. तिथं स्वतः जावं लागतं किंवा कुणाला पाठवावं लागतं.

तक्ता आत्ताच करा

पुष्कळ जण कागद जमवत राहतात आणि शेवटी लिहायला बसतात. तसं केलंत तर विसंगती कधी लक्षातच येणार नाही. कार्ड वाचून झाल्याबरोबर एक तक्ता उघडा. रकाने हे ठेवा: निघाल्याची तारीख, बंदर, पोचल्याची तारीख, बंदर, ताफ्याचं नाव, माल, ही ओळ कुठल्या कागदावरून आली, आणि किती खात्री आहे. एकाच फेरीबद्दल दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन ओळी ठेवा, एक खोडू नका.

मग हिशेब करा. त्या काळच्या जुन्या मालवाहू बोटी ८ ते १० नॉटनं, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, चालायच्या. ९ नॉटनं दिवसाला २१६ सागरी मैल होतात. मुंबई ते एडन साधारण १,६५० सागरी मैल, म्हणजे साडेसात-आठ दिवस. तक्त्यात तीच फेरी चार दिवसांत झालेली दिसली तर तारीख चुकलेली आहे किंवा दोन बोटींची सरमिसळ झाली आहे. वीस दिवस दिसले तर मध्ये एखादं बंदर, दुरुस्ती किंवा ताफ्यासाठी थांबणं लपलेलं आहे, ते शोधायला लागा.

मार्गाचाही विचार करा. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यापासून १९४३ च्या मध्यापर्यंत भूमध्य समुद्रातून आरपार जाणं व्यापारी बोटींना जवळजवळ बंद होतं. मुंबईहून विलायतेला सुएझमार्गे सुमारे ६ हजार सागरी मैल पडतात, केपला वळसा घालून जवळजवळ ११ हजार. या काळात कार्डावर मुंबईनंतर डर्बन, केपटाउन, फ्रीटाउन ही बंदरं दिसायलाच हवीत. गेरसोप्पाही कलकत्त्याहून निघून फ्रीटाउनला आली आणि तिथून विलायतेकडे वळली.

ताफ्यांचा शोध

युद्धात बोटी ताफ्यानं जायच्या, भोवती नौदलाचं संरक्षण. प्रत्येक मार्गाला अक्षरं ठरलेली आणि पुढं क्रमांक. एवढी अक्षरं पाठ झाली की निम्मं काम सोपं होतं: एचएक्स म्हणजे हॅलिफॅक्सहून ब्रिटनकडे, एससी त्याच मार्गावरचा संथ ताफा, ओबी म्हणजे लिव्हरपूलहून बाहेर पडणारा, एसएल म्हणजे सिएरा लिओनच्या फ्रीटाउनहून ब्रिटनकडे, ओएस त्याच्या उलट. आपल्या बाजूला बीए म्हणजे मुंबई ते एडन आणि एबी परतीचा, बीपी म्हणजे मुंबई ते इराणचं आखात, पीए म्हणजे आखात ते एडन, बीएम म्हणजे मुंबई ते मलाया-सिंगापूर, जेसी म्हणजे कोलंबो ते कलकत्ता.

'कॉन्व्हॉयवेब' या संकेतस्थळावर अरनॉल्ड हेग यांनी आयुष्यभर जमवलेली ताफ्यांची माहिती आहे. बोटीचं नाव टाकलं की ती कुठल्या कुठल्या ताफ्यात होती ते येतं, आणि बंदरांच्या नोंदींच्या भागात ताफ्याबाहेरच्या हालचालीही मिळतात. गेरसोप्पा एसएल ६४ मध्ये होती. हा ताफा ३० जानेवारी १९४१ ला फ्रीटाउनहून सुटला.

तिथून परत क्यूच्या कागदांकडे या. नौदलाच्या 'एडीएम १९९' आणि 'एडीएम २३७' या मालिकांत ताफ्यांचे अहवाल आहेत. कमोडोरचा, म्हणजे ताफ्यातल्या व्यापारी बोटींच्या प्रमुखाचा, अहवाल हाती लागला तर तो सावकाश वाचा. त्यात बोटींचा मांडणीतक्ता असतो आणि प्रत्येक बोटीला जागेचा क्रमांक. ५३ हा क्रमांक म्हणजे डावीकडून पाचव्या रांगेतली पुढून तिसरी बोट. त्यावरून तुमच्या बोटीच्या आजूबाजूला कोण चाललं होतं, पुढची बोट कुठली, मागची कुठली, हे कळतं. शेजारच्या बोटीवर रात्री टॉरपीडो लागला असेल तर तो जाळ तुमच्या आजोबांनी डेकवरून पाहिला असण्याचा संभव या एका आकड्यावरून ठरवता येतो. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी इतक्या जवळून पडताळता येतात त्या याच कागदावर. अहवालात बोटींच्या वागणुकीचे शेरेही असतात: धूर फार सोडते, जागा सोडते, रात्री मागं पडते.

ताफ्यात नाव आहे म्हणजे बोट शेवटपर्यंत ताफ्यात होती असं नाही. ओबीसारखे ताफे ठरावीक टप्प्यानंतर भर समुद्रात पांगवले जात आणि पुढं प्रत्येक बोट एकटी. खराब हवेत मागं पडलेल्या बोटीही पुष्कळ. गेरसोप्पाचं तेच झालं: वादळी हवा, कोळसा संपत आलेला, म्हणून कप्तानानं ताफा सोडून आयर्लंडमधल्या गॉलवेची वाट धरली. आणि हिंदी महासागरात तर युद्धाच्या बराच काळ बोटी एकट्याच जायच्या. ताफ्यांच्या यादीत बोट सापडली नाही तर ती उभी होती असा अर्थ काढू नका. ती एकटी चालली असेल, आणि तेव्हा कार्डं आणि करारनामेच उपयोगी पडतात.

करारनामे आणि लॉगबुक

क्यूमधल्या 'बीटी ३८१' या मालिकेत महायुद्धाच्या काळातले खलाशांचे करारनामे आणि बोटींची अधिकृत लॉगबुकं आहेत. पेट्या अधिकृत क्रमांकानुसार लावलेल्या आहेत. क्रमांक आधी मिळवायला सांगितलं ते यासाठीच, तो नसेल तर इथं पाऊलच टाकता येत नाही. बुडालेल्या बोटींचे कागद याच्या शेजारच्या 'बीटी ३८०' मध्येही पाहावेत.

अधिकृत लॉगबुक म्हणजे रोजचं वारं आणि अक्षांश-रेखांश लिहिलेली वही नव्हे. ती डेकची वही वेगळी आणि ती बहुतेक बोटींची आज मिळत नाही. अधिकृत लॉगबुकात आजार, मृत्यू, दंड, तंटे, पळून गेलेले खलाशी यांच्या नोंदी येतात. पण तिच्यात एक रुक्ष दिसणारं पान असतं, बोट किती पाण्यात बुडून चालली होती याचं. बंदर सोडताना आणि गाठताना पुढच्या-मागच्या टोकाला किती फूट पाणी, त्याच्यापुढं तारीख आणि बंदर. मला हे पान सगळ्यात प्रिय आहे. कप्तानाच्या हाताखालच्या माणसानं त्याच दिवशी लिहिलेली तारीख, आणि भरीला बोट भरलेली होती की रिकामी हेही कळतं.

करारनाम्याच्या मागच्या बाजूलाही नीट पाहा. परक्या बंदरात बोट लागली की कप्तान करारनामा तिथल्या शिपिंग मास्तरकडे किंवा वकिलातीत जमा करायचा आणि निघताना परत घ्यायचा. दोन्ही वेळेला शिक्का आणि तारीख. कार्डावर जे बंदर गाळलं गेलं ते या शिक्क्यांत हमखास सापडतं.

आता हिंदी खलाशांचं. त्यांचा करार वेगळा असायचा, मुंबई किंवा कलकत्त्याच्या शिपिंग ऑफिसात केलेला, वेगळ्या छापील कागदावर. पगार गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फार कमी, अटी वेगळ्या. १९३९ च्या शरद ऋतूत ठिकठिकाणच्या ब्रिटिश बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी बोटी अडवल्या त्या याच करारांवरून. हे करारनामे बोटीच्या बाकीच्या कागदांबरोबर दर वेळी ठेवलेले नाहीत. कधी अधिकाऱ्यांची पूर्ण यादी मिळते आणि खलाशांच्या जागी फक्त एकूण संख्या. मिळाले तर मात्र सोनं. सारंगापासून भंडारी-टोपाजपर्यंत (टोपाज म्हणजे झाडलोट करणारा) प्रत्येकाचं नाव, वय, गाव, आधीची बोट आणि हुद्दा. गावाची नावं मोठ्यानं वाचा: डाबूल, हरनी, बानकूट, जैगड ही इंग्रजी कारकुनाच्या कानातून आलेली दाभोळ, हर्णे, बाणकोट, जयगड असतात. नावाच्या बाबतीत वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही जुळल्याशिवाय "हेच आमचे आजोबा" असं ठरवू नका.

क्यूला जाणं सगळ्यांना शक्य नाही. लंडनमध्ये नात्यातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्यांना एक दिवस मागा. वाचकाचं ओळखपत्र मोफत मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात. मालिका, पेटीचा क्रमांक आणि बोटीचा अधिकृत क्रमांक कागदावर लिहून द्या, आणि कोऱ्या-शिक्क्यांच्या बाजूंसकट सगळे फोटो काढायला बजावून सांगा. नाहीतर अभिलेखागाराची पैसे घेऊन प्रती पाठवण्याची सोय आहे, किंवा भाड्याचा संशोधक नेमता येतो.

पहिल्या महायुद्धातली बोट असेल तर १९१५ च्या करारनाम्यांचं मोफत संकेतस्थळ आहे, नावानं शोधता येतं. १९३८ पर्यंतच्या बाकीच्या वर्षांचे बहुतेक करारनामे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहेत. नॉर्वेच्या बोटींसाठी 'वॉरसेलर्स' हे संकेतस्थळ पुरेसं आहे.

बोट बुडाली असेल तर

बुडालेल्या बोटीचे कागद चालत राहिलेल्या बोटीपेक्षा जास्त असतात. 'एडीएम १९९' मध्येच २१३० पासून २१४८ पर्यंतच्या फायलींत वाचलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती आहेत: किती वाजता टॉरपीडो लागला, कुठल्या बाजूला, होड्या कशा सोडल्या, खलाशी कसे वागले. या मुलाखती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आहेत हे लक्षात ठेवून वाचा. हिंदी खलाशांबद्दल त्यात येणारे शेरे हे त्या अधिकाऱ्याचं मत आहे. वस्तुस्थिती म्हणून ते उतरवू नका.

दुसरी बाजू पाणबुडीची. 'यूबोट डॉट नेट' वर जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींची पानं आहेत, जर्मन रोजनिशीवरून घेतलेल्या वेळेसह. गेरसोप्पाला एर्न्स्ट मेंगरसेनच्या यू-१०१ या पाणबुडीनं बुडवलं. तारीख मात्र कुठं १६ फेब्रुवारी दिसते, कुठं १७. जर्मन रोजनिशीतली वेळ मध्यरात्रीनंतर काही मिनिटांची, म्हणजे १७ तारखेची आहे. पण १९४० च्या एप्रिलपासून १९४२ च्या नोव्हेंबरपर्यंत जर्मनीनं उन्हाळी वेळ सलग चालू ठेवली होती, म्हणून त्यांचं घड्याळ ग्रिनिचच्या २ तास पुढं होतं. ग्रिनिचच्या हिशेबानं ती १६ तारखेची रात्र ठरते. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. तक्त्यात वेळ लिहिताना ती कुणाच्या घड्याळाची आहे हे लिहायचं ते यासाठी. जपानी पाणबुड्यांच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो, कारण त्यांची घड्याळं तोक्योच्या वेळेवर, ग्रिनिचच्या ९ तास पुढं.

गेरसोप्पावरून एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स. होडीत १३ दिवस काढून १ मार्च १९४१ ला तो कॉर्नवॉलच्या टोकाशी पोचला. तिच्या शेवटच्या तासांबद्दल आज जे काही माहीत आहे ते मुख्यतः या एका साक्षीवर आणि पाणबुडीच्या रोजनिशीवर उभं आहे. २०११ मध्ये जवळजवळ ४,७०० मीटर खोलीवर तिचा सांगाडा सापडला. पुढच्या दोन वर्षांत त्यातून २,७९२ चांदीच्या लगडी वर काढल्या गेल्या, आणि त्याहून विलक्षण म्हणजे टपालातली ७०० हून अधिक पत्रं, हिंदुस्थानातून विलायतेला धाडलेली. बोटीचा माल काय होता हे शोधताना अशा समुद्रतळावरच्या मोहिमांचे अहवालही पाहायचे.

मुंबईशी थेट जोडलेली बोट हवी असेल तर 'तिलावा' घ्या. ब्रिटिश इंडिया कंपनीचीच, १९२४ ची. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेला आय-२९ या जपानी पाणबुडीनं तिला बुडवलं. २८० माणसं गेली. एचएमएस बर्मिंगहॅम या युद्धनौकेनं वाचवलेली माणसं २७ तारखेला मुंबईत उतरली. या बोटीचा शोध घेताना युद्धनौकेचे कागदही कामाला येतात. नौदलाच्या जहाजांची लॉगबुकं व्यापारी बोटींपेक्षा किती तरी चांगली जपलेली आहेत. आपल्या बोटीतली माणसं कुणी उचलली हे कळलं की त्या जहाजाचा माग घ्या.

इकडचे कागद

युद्धकाळात वर्तमानपत्रांत बोटींच्या हालचाली छापायला बंदी होती, त्यामुळे १९३९ ते १९४५ च्या अंकांत बोटीचं नाव क्वचितच मिळेल. "पूर्वेकडील एका बंदरात" अशी वाक्यं येतात. मात्र युद्धाआधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांसाठी जाहिराती आणि आगमन-निर्गमनाचे रकाने फार कामाचे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनं 'ग्रंथ संजीवनी' वर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे अंक ठेवलेले आहेत. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' ही मोफत वृत्तपत्र-भांडारंही चाळा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या शोधता येतं. तिथं बोटीच्या नावाबरोबरच खलाशी, भरपाई, शिपिंग मास्तर असे विषयही इंग्रजीतून टाकून पाहा. बुडालेल्या खलाशांच्या कुटुंबांची भरपाई हा विषय सरकारी पत्रव्यवहारात वारंवार येतो, आणि अशा फायलीला जोडलेल्या यादीत नाव, गाव, वारस सगळं सापडू शकतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या आर्थिक विभागातही खलाशांबद्दलच्या फायली आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार आहे. तिथं ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा.

बोट सिंदिया या हिंदी मालकीच्या कंपनीची असेल, म्हणजे 'जल' नं सुरू होणाऱ्या नावाची, तर वाट वेगळी. सिंदियाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आहेत. त्यात कंपनीचं धोरण आणि सरकारशी झालेला झगडा मिळेल. फेऱ्यांच्या तारखा मात्र वर सांगितलेल्या कार्डांतच शोधायच्या. ब्रिटिश इंडिया कंपनीचे कागद ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात पी अँड ओ या तिच्या पालक कंपनीच्या संग्रहाबरोबर आहेत.

नाव कोरलं गेलंय का, तेही पाहा

बोटीवर मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. इथं बरेच जण वाट चुकतात: ते लंडनच्या टॉवर हिल स्मारकाच्या यादीत शोधतात आणि नाव नाही म्हणून सोडून देतात. तिथं गोरे अधिकारी आहेत. त्याच बोटीवरचे हिंदी खलाशी मुंबई आणि चितगाव इथल्या १९३९-१९४५ स्मारकांवर नोंदलेले आहेत, सहा हजारांहून अधिक नावं. मुंबईचं स्मारक मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. शोधताना सेवा म्हणून मर्चंट नेव्ही निवडा आणि इतर माहितीच्या रकान्यात बोटीचं नाव टाका. म्हणजे त्या बोटीवर गेलेल्यांची यादी एकत्र मिळेल. त्यात हुद्दा असतो, काही ठिकाणी वडिलांचं नाव आणि गावही. ही यादी तुमच्या करारनाम्यातल्या यादीशी ओळीनं ताडून पाहा.

व्यापारी बोटीवरच्या माणसाची नोंद तिथं व्हायला मृत्यू युद्धाच्या कारणानं झालेला असावा लागतो. बोटीवर तापानं किंवा अपघातानं गेलेल्या खलाशाचं नाव म्हणूनच नसेल. त्याची नोंद लॉगबुकात आणि शिपिंग ऑफिसच्या कागदांत शोधायची. पण बोट शत्रूनं बुडवली, माणूस तिच्यावर होता हे करारनाम्यानं दिसतंय, तो परत आल्याची कुठलीच नोंद नाही, आणि तरीही स्मारकाच्या यादीत नाव नाही, असं निघालं तर कमिशनकडे अर्ज करता येतो. अर्जाबरोबर सेवेच्या वहीचं शेवटचं पान, करारनाम्यातली ओळ, हालचालीच्या कार्डाची प्रत आणि बोट बुडाल्याचा अहवाल जोडा. नावाची आणि गावाची सगळी लिखाणं एका कागदावर मांडा, कुठल्या कागदात कसं लिहिलंय ते दाखवून, आणि घरात बोलतात ते नाव सगळ्यात वर लिहा.